येळवशीचं बोलावणं

नांदेड
१८ नोव्हेंबर २०२४

आक्का,

पाया पडतो. फोन करणार होतो, पण मागच्या खेपेला मी इकडून तब्येत विचारत होतो आणि तू तिकडून सोयाबीनचा भाव सांगत होतीस. तेव्हाच ठरवलं, आता तुझ्या कानांना त्रास द्यायचा नाही, डोळ्यांना द्यायचा. चष्मा लाव आणि सावकाश वाच.

परवा इथं माझा सत्कार झाला. शाल, फेटा, सगळं रीतसर. सूत्रसंचालन करणाऱ्या पोरानं मला शेअर बाजारातला ऋषी करून टाकलं. मी मनात म्हटलं, बाबा, मी रेल्वेतला कारकून, आधी स्टेशनात फायली लावल्या, मग डिव्हिजन ऑफिसात. ऋषी कुठला आलाय. नंतर चहाला उभे असताना एका मुलीनं विचारलं, सर, कंपनी कशी निवडायची. मी खरं ते सांगितलं, तिला काही पटलं नाही. तुला पटेल म्हणून लिहितो.

आम्हाला रेल्वेचा पास मिळायचा. लोक त्या पासावर तिरुपतीला जायचे, काशीला जायचे. मी रजा टाकून कारखान्याच्या गावाला जायचो. फाटकासमोर चहाची टपरी असतेच. जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला तिथं बसायचं आणि बघायचं. माणसं बाहेर येताना बोलत येतात की खाली मान घालून? डबा उघडला की शेजाऱ्यापुढे सरकवतात का? पिकल्या केसांचे कामगार किती दिसतात, की सगळी नवीच भरती? साहेब गाडीतून उतरून कुणाला नावानं हाक मारतो का? जिथं हे बरं दिसलं तिथं पगारातले पैसे टाकले आणि विसरून गेलो. आयुष्यभर दुसरं काही केलं नाही. तुझी भावजय म्हणायची, देवाच्या दारात कधी बसला नाही हा माणूस, फाटकाच्या दारात बसून म्हातारा झाला. ती जाऊन आता सात वर्षं होतील.

पैसा कसा वाढला ते मलाही धड सांगता येत नाही. तो वाढला, मग तो वाटायचं काम मागे लागलं. मुलींचं वसतिगृह झालं, दवाखान्यात मशिनी दिल्या, ट्रस्ट आता आरती बघते. माझी पोरगी माझ्यापेक्षा हुशार आहे, तिला नाही म्हणता येतं.

मला मात्र हल्ली एक स्वप्न पडून राहिलंय. दुपारी गच्चीत ऊन अंगावर घेऊन पडलो की डोळा लागतो आणि मी एका शेतात असतो. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर. करडईला फुलं आलेली. मी लहान आहे आणि पुढं कुठंतरी माणसं जेवतायत, त्यांचा आवाज येतोय, कडब्याचा वास येतोय. माझा हात कोपरापर्यंत आंबिलीनं ओला, गार. मी चालतोय पण पोचत नाही, आणि न पोचण्याचं वाईटही वाटत नाही. जाग आल्यावर मी खरंच हात बघतो, ओला आहे का.

म्हणून ठरवलंय. आपल्या घराला शेत नव्हतं. माझा बाप शिंपी, त्याचा सख्खा भाऊ म्हणजे तुझा बाप, तोही शिंपी. येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सगळं गाव आपापल्या शेतात कडब्याची कोप उभी करून तिच्या सावलीत बसायचं आणि आपण दोघं दुसऱ्यांच्या कोपीत जेवायला जायचो. आता माझी पाळी. या येळवशीला सारोळ्याच्या सगळ्या गावाला मी जेवू घालणार. ओढ्याकाठची जमीन घेतलीय, गावातल्या व्यंकटीनं व्यवहार जमवला. मी कधी शेतकरी नव्हतो, म्हणून खरेदी आरतीच्या नावावर, तिच्या सासरकडून सातबाऱ्यावर तिचं नाव आहे. पुढं तिथं पोरांसाठी अभ्यासिका बांधू. पण पहिलं शुभकार्य येळवशीचं.

तुला काय वाटतं, लिही.

तुझा
राजशेखर


सारोळा, ता. औसा
२९ नोव्हेंबर २०२४

राजा,

खुशाल असशील. तुझं पत्र दयानंदानं आणून दिलं. माझा ल्योक असून मला म्हणतो, आई, मामा मोबाईलवर का लिहीत न्हाईत. म्हणलं, तुझ्या मोबाईलात माझं बोट मावत न्हाई.

फाटकाची गोष्ट पटली. माझा बाबा बी कापड शिवायच्या आधी माणसाला चालून दाखव म्हणायचा. तसंच हाय हे. मला पैशातलं कळत न्हाई, पर जिथं माणूस डबा पुढं सरकवतंय तिथं बरकत राहतीय, एवढं मला बी कळतंय.

आता येळवशीचं. गावाला जेवू घालतो म्हणतोस. येळवशीला गाव कामून उपाशी राहील राजा? त्या दिवशी बाया तांबडं फुटायच्या आत भज्जीला बसतेत. हिरवी तूर, वाटाणा, हरभऱ्याचा पाला, शेतात जे हाय ते सगळं. बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, खीर, बिंदगी भरून आंबील. मग डोक्यावर घेऊन शेतात. कोपीत पाच पांडव मांडायचे, पाच दगड, चुना लावलेले. पूजा झाली की वाटेनं जो दिसंल त्याला हाळी मारायची. माणूस मिळावं म्हून भांडत्यात लोक त्या दिवशी, आमच्याकडं आधी ये, आमच्याकडं ये. तू एकट्यानं सगळ्यांना घातलं तर त्यांनी कुणाला घालायचं?

तू उगं ये. माझ्या कोपीत बस. हातपाय धुवायला पाणी देते, जेव, बांधावर आडवा हो. तुझ्या स्वप्नाला बी तेवढंच लागत असंल.

आन एक. जमीन घेतलीस म्हणतोस, ती येऊन बगून गेलास का?

शिवगंगा


नांदेड
८ डिसेंबर २०२४

आक्का,

तुझं पत्र वाचलं. तू माझ्या खर्चाची आणि दगदगीची काळजी करून राहिलीस, ते ओळींच्या मधून दिसलं मला. काही काळजी करू नकोस. लातूरहून आचारी सांगितलेत, मंडपवाला सांगितलाय. खुर्च्या, टेबलं, पिण्याच्या पाण्याचे जार. भज्जी, आंबील, खीर सगळं अगदी येळवशीचंच, आणि वर जिलबी. वर्षातून एक दिवस गावातल्या बायांना चुलीपुढं बसायला लागू नये, एवढीच इच्छा. कोपीही कुणी घालत बसू नका, असं व्यंकटीला गावात सांगायला लावलंय. मी तुझ्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची ठेवली आहे.

जमीन बघायला सवड झाली नाही. व्यंकटीनं फोटो पाठवले, सपाट केली आहे, छान दिसते. नफा कमवायचा असता तर दहा वेळा येऊन बघितलं असतं. हे तर पुण्याचं काम, यात बघायचं काय.

सकाळी गोदावरीच्या घाटावर फिरायला जातो. धुकं इतकं असतं की पलीकडचा काठ दिसत नाही. गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन तेवढं ऐकू येतं. मला वाटतं त्या धुक्याच्या पलीकडे सारोळा असेल, नदी ओलांडली की झालं. भूगोल चुकीचा आहे, पण सकाळी मला तो बरा वाटतो.

येळवशीला, तीस तारखेच्या सोमवारी भेटूच.

राजशेखर


सारोळा
९ जानेवारी २०२५

राजा,

झाली बाबा तुझी येळवस. लोक जेवले. जिलबी पोरांनी लई खाल्ली. दयानंद म्हणतो, आसपासच्या गावाचे बी आलते, मोटारसायकलींची रांग सडकेपातुर होती. आमदारांचं भाषण झालं का त्यांच्या भावाचं, मला ऐकू आलं न्हाई. तू फेट्यात बरा दिसलास. स्टेजवर होतास, भोवती माणसं होती, मला काय तुझ्यापातुर येता आलं न्हाई. हात केला होता, तू बगितला नसंल.

आंबील पातळ होती. ते आचारी लोक, त्यांना काय म्हाईत.

बायांना फुरसत मिळाली. नव्या साड्या नेसून खुर्च्यांवर बसल्या होत्या. त्यांना बी करमंना आन मला बी.

जास्त लिहीत न्हाई. डोळे पाझरून राह्यलेत, थेंब टाकायचेत. आरतीला आशीर्वाद.

शिवगंगा


नांदेड
२४ जानेवारी २०२५

आक्का,

डोळ्यांचं काय म्हणाले डॉक्टर? इकडे ये, मी दाखवतो.

येळवस मोठी झाली हे खरं. अजून फोन येतायत. पुढच्या वर्षी शेजारची दोन गावंही घ्या म्हणतात. पण मला एक गोष्ट तुलाच सांगायची आहे, आरतीला सांगितली तर ती हसेल. त्या दिवसापासून माझं स्वप्न बंद झालं. गच्चीत रोज पडतो. ऊन तेच, डोळाही लागतो. आत काहीच नसतं, कोरी भिंत. मला शेत पाहिजे आक्का, ती ज्वारी पाहिजे. म्हाताऱ्या माणसानं असा हट्ट करावा का, पण करून राहिलोय.

मग मी जागेपणी आठवायला बसलो, तर एक बाई आठवली. नवी सून असावी, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. तिच्या कोपीत आपण जायचो. जेवण तर सगळेच वाढायचे, कुणी कधी तोंड वाकडं केलं नाही. पण शेताला फेरी घालून पिकावर आंबील शिंपडायचं असतं ना, ते काम घरच्या पोराचं. तिच्या दिरानं हात पुढं केला, तर तिनं आंबिलीचा तांब्या माझ्या हातात दिला. दीर रुसला. ती म्हणाली, हा बी घरचाच हाय. मी सगळ्या शेताला फेरी घातली, ओलगे ओलगे अशी येळवशीची आरोळी देत, आणि त्या फेरीपुरतं ते शेत माझं होतं. पुढच्याच वर्षी बाप गेला आणि आम्ही नांदेडला आलो. मी आठ वर्षांचा होतो, नाव लक्षात राहिलं नाही. मंडपात मी म्हाताऱ्या बायांचे चेहरे बघत होतो. बांगड्यांवरून ओळखू येईल असं वाटलं, बघ किती येडा.

ती कोण? आहे का? असेल तर तिच्या नावानं काही करावंसं वाटतं. अभ्यासिकेला तिचंच नाव देऊ.

राजशेखर


सारोळा
२ एप्रिल २०२५

राजा,

दोन महिने लिहून फाडून राह्यले. पाडवा झाला, आता लिहिते. डोळ्याला काय बी झालं नव्हतं. मी रडत होते तवा.

ती बाई म्हंजे नागाबाई. जिती हाय. लातुरात ल्योकाकडं, हनुमंताकडं राहते. आन तू जी ओढ्याकाठची जमीन घेतलीस, ती तिचीच.

लगेच डोक्याला हात लावून बसू नको, सगळं वाच. हनुमंतानं राजीखुशीनं दिली. त्याच्या पोरांना शेती करायची न्हाई, लातुरात दुकान घातलंय, फ्लॅट घेतलाय. व्यंकटीनं भाव बी चांगला दिला. कुणी कुणाला फसवलं न्हाई. फकस्त म्हातारीला कुणी इचारलं न्हाई. तिला वाटत होतं, जमीन बटईनं दिलीय.

येळवशीच्या दिवशी ती आली. एकटी, एसटीनं. काखेत गाठोडं, उंडे न भज्जी करून आणलेली. सरळ ओढ्याकडं निघाली. तितं तुझा मंडप. पिवळे टी-शर्ट घातलेल्या पोरांनी तिला अडवलं. आजी, बायांची रांग तिकडून हाय. ती म्हणली, मला जेवायचं न्हाई, माझे पांडव कुठं हायत? चिंचेखाली असायचे तिचे पांडव, सासूच्या हातचे. चिंच न्हाई, पांडव न्हाईत. जेसीबीनं सगळं सपाट केलेलं, तुला फोटो आवडला होता तो. पोरांना वाटलं, म्हातारीला भरम झालाय. कुणीतरी तिच्या हातात जिलबीची पलेट दिली. ती तशीच पलेट धरून हुबी होती.

मी खुर्चीवरून उठले आन तिला घेऊन बाहेर आले. म्हणलं, मावशी, चल माझ्या कोपीत. सडकेवर आल्यावर ध्यानात आलं, माझी बी कोप न्हाई. तूच सांगितलं होतंस, कोपी घालू नका. सगळ्या शिवारात कोप दिसंना. जन्मात असं शिवार बगितलं न्हाई मी. येळवशीच्या दिवशी एका म्हातारीला घास द्यायला सारोळ्यात कुणाच्या शेतात पान मांडलेलं नव्हतं. घरी नेलं तर घरी बसंना. येळवशीला घरात खात्यात का, म्हणली. ते गाठोडं तसंच घेऊन दुपारच्या गाडीनं गेली.

तू वाईट न्हाईस. तुझा हात देता हाय. पर मी इचारलं होतं, जमीन बगून गेलास का. चार पैसे मिळवायचे होते तवा रजा टाकून फाटकावर बसलास, लोकांचे डबे बगितलेस. पुण्य मिळवायचं म्हणलं की फोटोवर भागवलंस. तसा त्या शेताच्या बांधावर एकदा बसला असतास तर नागाबाई तुला दिसली असती.

हे लिहून माझं काळीज हलकं झालं, तुझं जड झालं असंल. माफ कर.

शिवगंगा


नांदेड
११ ऑगस्ट २०२५

आक्का,

माफ तू मला कर. चार महिने पत्र लिहायला हात उचलला नाही. मधल्या काळात कुठं गेलो, काय केलं, ते सांगतो.

मेमध्ये सारोळ्यात येऊन गेलो. तुझ्याकडे आलो नाही, लाज वाटली. ओढ्याच्या बांधावर दिवसभर बसलो, जसा फाटकावर बसायचो. ढेकळं, ऊन, कुठूनतरी होला बोलायचा. दुपारी डोळा लागला आणि काही दिसलं नाही. चिंचेचा बुंधा जिथं असावा तिथं माती वेगळ्या रंगाची आहे. तिथं बसून मी रडलो. कुणी बघितलं नाही, म्हणून पोटभर रडलो. मग व्यंकटीला फोन केला की पुढं काही बांधायचं नाही. आरती म्हणाली, बाबा, आराखडा मंजूर झालाय. मी म्हटलं, असू दे.

जुलैत लातूरला गेलो. हनुमंताला म्हटलं, शेत परत घे, असंच घे. तो चांगला माणूस आहे. मला खुर्ची दिली, चहा दिला आणि हात जोडले. काका, मी त्या शेतातून सुटलोय, आता परत त्यात कशाला ढकलता? मी कसंबसं विचारलं, मावशी? तो म्हणाला, आई आता शेताची वाट बघत नाही, तुम्ही आठवण करून देऊ नका. तिच्या खोलीच्या दारातून बघितलं. ती गॅलरीत पोत्यावर झोपली होती, पदर तोंडावर. खालून रिक्षांचा आवाज येत होता, आणि झोपेत तिचा हात काहीतरी शिंपडल्यासारखा हलत होता. का मलाच तसं दिसलं. तिच्या स्वप्नात ते शेत असेल, म्हणून माझ्या स्वप्नातून गेलं असेल. मी तिला उठवलं नाही. उंबऱ्यावर थोडा बसलो आणि निघालो.

आयुष्यभर एवढं दिलं, आणि या एका बाईला काय द्यावं ते सुचत नाही. नव्वदीला टेकली आहे. तिच्या वाट्याला अजून एखादी येळवस असेल, असली तर. मला तेवढी चुकू द्यायची नाही. तिच्या नावावर शेत करून देऊ? चिंच लावू? तिला वर्षासन बांधून देऊ? तू सांगशील ते देतो.

राजशेखर


कंधार
२० नोव्हेंबर २०२५

राजा,

पत्ता बगून दचकू नको. दिवाळीच्या आधी अंगणात पडले, कंबर दुखावली. सुकन्यानं उचलून हितं आणलं. आता लेकीच्या घरी, कंधारात, गादीवर बसून हुकूम सोडून राह्यले. औंदा येळवशीला मी सारोळ्यात नसणार. म्हून जे काय करायचं ते तुलाच करायचंय, नीट वाच.

तुझं सगळं पत्र देऊ देऊनं भरलंय. तिनं मागितलंय का काय? तुझ्या हिशोबानं दुनियेत दोनच जातीची माणसं, एक देणारी, एक रांगेत हुबी राहणारी. येळवशीला तसं नसतंय. ज्याला शेत हाय त्यानं बोलवायचं, ज्याला न्हाई त्यानं जायचं. आपण जायचो तवा आपल्याला कुणी काय देत नव्हतं, आपण त्यांच्या घरी मान म्हून जायचो. मला हे लगीन होऊन शेत मिळाल्यावर कळलं. तुला शेत कवाच मिळालं न्हाई, म्हून कळलं न्हाई.

आता शेत तुझं हाय आन नागाबाईला शेत न्हाई. मग सरळ हाय की. तिला बोलव.

मोटार पाठवू नको. आरतीला पाठवू नको, माणूस पाठवू नको. तू स्वतः जा, हुंबऱ्यात हुबा राहा आन म्हण, येळवशीला माझ्या शेतात ये. बस. न्हाई म्हणली तर गुमान माघारी ये, तेवढा तिचा हक हाय. आली तर तुझं नशीब. आचारी सांगितलास तर माझं तोंड बगू नको. दयानंद कडबा देईल, कोप तू बांधायची.

आन भीऊ नको रे. म्हातारी खात न्हाई तुला.

शिवगंगा


सारोळा
२० डिसेंबर २०२५

आक्का,

काल येळवस झाली. अंग मोडून आलंय, तळहाताला कडब्याची कुसळं टोचलीयत, पण तुला सगळं सांगितल्याशिवाय झोप येणार नाही. दयानंदच्या ओसरीवर उन्हात बसून लिहितोय.

आठवड्यापूर्वी लातूरला गेलो. तू म्हणालीस तसा उंबऱ्यात उभा राहिलो. ती जागी होती, तूर सोलत होती. म्हणाली, कुणाचा तू? म्हटलं, शिंप्याच्या शेषेरावाचा. तिनं जरा वेळ माझ्याकडं बघितलं. आठवलं की नाही मला कळलं नाही. मी म्हटलं, माय, येळवशीला माझ्या शेतात जेवायला ये. ती म्हणाली, शिंप्याला शेत कधी झालं? म्हटलं, गेल्या साली. कुठलं? म्हटलं, ओढ्याकाठचं. तुझंच. हनुमंत भिंतीकडं बघायला लागला. ती तूर सोलत राहिली, एक शेंग, दुसरी शेंग. मग म्हणाली, पांडव कुठले मांडणार हायस? म्हटलं, ओढ्यातून आणीन. ती म्हणाली, वाहत्या पाण्यातले आण. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही. मी पुन्हा विचारलं नाही, आणि त्या आठवड्यात मला एक घास गोड लागला नाही.

काल पहाटे दयानंदनं कडबा टाकला. मी कोप बांधली. ती एका अंगाला कलली, दोरीनं ओढून धरली तर दुसऱ्या अंगाला कलली. दयानंद बांधावर बसून हसत होता, मदत करायची नाही असं तू त्याला बजावलंस म्हणे. भज्जी तुझ्या सुनेनं शिकवली, मी ढवळली, थोडी लागली. उंड्यांना उंड्यांचा आकार आला नाही. आंबील मात्र चांगली झाली, खरं सांगतो.

मग वर बघितलं तर शिवारभर कोपी. जिकडं बघावं तिकडं. माणसं डोक्यावर बिंदग्या घेऊन बांधाबांधानं चाललेली, ज्वारीत नुसतीच मुंडकी दिसायची. करडई फुललेली. हवेत धुरकट ऊन. चारी बाजूंनी हाळ्या येत होत्या, काका इकडं या, मामा आमच्याकडं या. मला कुठंच जाता येईना, कारण मला शेत होतं आणि माझं माणूस यायचं होतं. मी कोपीच्या तोंडाशी बसून सडकेकडं बघत होतो. एसटी आली, गेली. दुसरी आली, गेली. ऊन कललं. जेवून आडवी झालेली माणसं उठायला लागली. मला वाटलं, बरोबर आहे तिचं. मी तरी कशाला आलो असतो?

ती आली तेव्हा मला दिसलीच नाही. ओढ्याच्या अंगानं आली, सडकेनं नाही. मागं हनुमंत, दमलेला. शेताच्या मधोमध ती थांबली आणि भोवती फिरून बघितलं. कोपीकडं बघितलं. म्हणाली, पडंल ही. आत गेली आणि मी मांडलेले पाची पांडव उचलून परत मांडले, सरळ केले, पदरानं पुसले. पूजा तिनंच केली. मी बाजूला हात जोडून उभा होतो. मी काही मागितलं नाही, मला काही सुचलंच नाही.

जेवायला बसणार तेवढ्यात सडकेवर ऊसतोडीचा ट्रॅक्टर येऊन थांबला. वर माणसं, बाया, कच्चीबच्ची, भांडीकुंडी. नागाबाई उठून बाहेर गेली आणि एवढ्याशा देहातून तिनं अशी हाळी मारली की बांधावरची माणसं वळून बघायला लागली. या की गं, जेवून जावा. आक्का, ती सगळी आली. माझी भज्जी चार माणसांची. मी तसाच उभा. ती माझ्याकडं बघून म्हणाली, बगत काय हुबा राह्यलास, पत्रावळ्या आण. वाढ. मी पत्रावळ्या आणल्या. वाढायला लागलो. हिला खीर दे, त्या लेकराला आंबील दे, त्याला उंडा हाय का बग. शेजारच्या कोपीतून दयानंदनं पातेलं आणून दिलं, आणखी कुणी पोळ्या आणल्या. मी नुसता वाकत होतो आणि वाढत होतो. आजवर किती सभांना गेलो, किती कोनशिला झाल्या. मला कुणी असं काम लावलं नव्हतं. सगळे जेवल्यावर तिनं मला आणि हनुमंताला शेजारी शेजारी बसवलं आणि जे उरलं होतं ते वाढलं. मग ती बसली. सावकाश जेवली, पान पुसून जेवली.

निघताना तिनं माझं नाव घेतलं नाही, आशीर्वाद दिला नाही. तिला मी आठवलो की नाही ते मला अजून माहीत नाही, आणि विचारावंसंही वाटलं नाही. मी बांधापर्यंत पोचवायला गेलो. हनुमंत पुढं निघून गेला होता. ती थांबली, मागं वळून कोपीकडं बघितलं आणि मला म्हणाली, तोंड चुकलंय. पुढल्या साली ओढ्याकडं तोंड करून घाल, वारं येत न्हाई आत. उंडे मी करून आणते, तुला येत न्हाईत.

मी हो म्हटलं.

शेत आरतीच्या नावावर आहे, कागद माझ्या कपाटात आहेत, आणि काल संध्याकाळपासून ते शेत माझं आहे असं मला वाटत नाही. फार बरं वाटून राहिलंय आक्का. कंबर लवकर बरी कर आणि पुढच्या साली ये, ओढ्याकडं तोंड करून कोप कशी घालायची ते मला कुणीतरी शिकवायला पाहिजे.

तुझा
राजा